पहिल्या नंबरचं दूध

ताप्रांदिचच्या घरात दुसऱ्या नंबराला चहा मिळायचा, आणि तोही कमी साखरेचा. पहिल्या नंबरासाठी मुर्सिक. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याला आतून कोळशाचा हात फिरवायचा, गाईचं दूध ओतायचं, बूच घट्ट लावून कोपऱ्यात ठेवायचं, आणि ते आंबून दाट, राखाडी होईस्तोवर कुणी तिकडं बघायचंसुद्धा नाही. पराक्रम करून आलेल्याच्या तोंडाला पहिला तुंबा त्याच्या आईनं लावायचा, हा नांदी लोकांचा जुना रिवाज. त्या घरच्या आजाला तो पलीकडच्यांची गुरं पळवून आणल्यावर मिळाला होता. एकदा तो हात हलवत परत आला, तर त्याला पाणीही दोनदा मागावं लागलं, असं ताप्रांदिच मोठ्या अभिमानानं सांगायची.

तिच्या लेकीची, म्हणजे जेमायोची, अडचण एवढीच होती की ती दुसरी यायची.

आठशे मीटर, मैदानाच्या दोन फेऱ्या. शाळेत दुसरी, तालुक्याला दुसरी, कापसाबेत शहराच्या मोठ्या मैदानावर सगळ्या देशासमोर दुसरी. पहिली काही वर्षं ती अनवाणीच पळाली, कारण तिथल्या क्रीडा मंडळाकडं पोरींच्या बुटांना पैसे नव्हते. मंडळाच्या अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोचा फलक मात्र दरवर्षी नवा यायचा, आणि तो प्रत्येक वर्षी आधीच्यापेक्षा रुंद असायचा. अध्यक्षही तसेच रुंद होत गेले. पुढं कुणा परदेशी पाहुणीनं आपले जुने बूट दिले, ते अंगठ्याला चावायचे, तरी जेमायो त्यातही दुसरीच आली. इतकी शिस्त माणसाला सहसा जमत नाही.

तिचा दोष पायांत नव्हता, स्वभावात होता. आतल्या कडेनं पळत ती पुढच्या पोरींच्या गराड्यात अडकायची आणि त्या बाजूला होतील म्हणून वाट बघायची. पोस्टाच्या रांगेत उभी असल्यासारखी. किमुताई नावाचे तिचे गुरुजी ओरडून घसा बसवून घ्यायचे. ताप्रांदिचचं मत वेगळं होतं. "हिला रंग चढतो न चढतो तोच थांबवतात," ती म्हणायची. "सांग की त्यांना, अजून दोन फेऱ्या ठेवा म्हणावं. घाई कुणाला आहे?"

पण दर शर्यतीआधी ती तुंबा भरायची. कुणाला न सांगता, गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय पिळून. मग रेडिओवर निकाल यायचा, ताप्रांदिच चुलीवर चहाचं भांडं ठेवायची, आणि भरलेला तुंबा कुंपणापलीकडं अराप लेलेईकडं जायचा. हा म्हातारा त्या तुंब्यांवर चांगला गरगरीत झाला होता. जेमायो शर्यतीला निघाली की तो कुंपणाशी येऊन मायेनं म्हणायचा, "पोरी, जिवाला जप. फार ताण देऊ नकोस."

जेमायोला पदकं, बक्षिसं, वर्तमानपत्रातला फोटो हे सगळं हवंच होतं, नाही कशाला म्हणायचं? पण तिच्या मनात रुतून बसला होता तो कोपऱ्यातला तुंबा. आईच्या हातचा एक घोट. स्वतःच्याच घरात, डोळ्यांसमोर, इतकी वर्षं तो शेजाऱ्याच्या पोटात जात होता.

शेवटी ते घडलं परदेशात, जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत. जेमायो नेहमीप्रमाणे गराड्यात अडकली. शेवटच्या वळणावर पुढची पोरगी किंचित बाहेर सरकली, कोपर घालण्याइतकी जागा झाली, आणि या वेळी जेमायोनं परवानगी मागितली नाही. कोपर घातलं, खांदा घातला, आणि निघाली. गावच्या दुकानातल्या टीव्हीसमोर लोक नाचले, बाया आरोळ्या ठोकत बाहेर धावल्या. अराप लेलेई तेवढा तोंड पाडून घरी गेला.

ताप्रांदिचनं घरी जाऊन तुंबा हलवून पाहिला. दूध दह्यासारखं लागलं होतं.

नैरोबीच्या विमानतळावर सरकारातले एक बडे साहेब आले होते. जेमायो अनवाणी पळत होती तेव्हा हे साहेब कुठं होते ते विचारायचं नाही. आता ते मण्यांनी मढवलेला तुंबा घेऊन पहिल्या रांगेत उभे होते. जेमायोनं त्यांना हळूच, आदरानं सांगितलं, की हार घाला, हात मिळवा, दूध मात्र नको, पहिला घोट घरचा. साहेबांनी मान डोलावली, कॅमेऱ्यांकडं वळून हसले, आणि तुंबा सरळ तिच्या ओठांना लावला.

तिनं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. साहेबांनी तुंबा वाकडा केला. ती हलेना, ते थांबेनात. फोटोवाले ओरडत होते, "तसंच धरा, तसंच धरा," आणि साहेबांनीही फोटोवाल्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. सगळं दूध हनुवटीवरून पदकावर, पदकावरून देशाचं नाव लिहिलेल्या जाकिटावर.

हे गावानं टीव्हीवर पाहिलं. पाहिलं नाही ते एकट्या ताप्रांदिचनं. तुंबा ओठांना लागलेला दिसला आणि ती उठली. पुढं दूध सांडलं तेव्हा ती दुकानाच्या पायऱ्या उतरली होती. तिच्या मागं जाऊन सांगायची छाती कुणाची झाली नाही, तिचा चालतानाचा वेग बघून. ती तडक घरी गेली, कोपऱ्यातला तुंबा उचलला आणि कुंपणापलीकडं देऊन आली.

इकडं साहेबांचा अपमान झाला होता, म्हणून घरी सोडायला ठरलेली गाडी अचानक बिघडली. जगज्जेती मटाटूनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या गाडीनं, निघाली. अंगावरचं दूध गाडीच्या उबेनं वास मारायला लागलं, तशी मागची एक बाई करवादली, की कुणाचं लेकरू ओकलंय ते बघा. कंडक्टरनं पदक बघितलं, कौतुक केलं, आणि भाडं पुरतं घेतलं.

घरी आई दाराकडं पाठ करून भाजी चिरत होती.

"पिऊन आलीस," ती म्हणाली. "मक्याच्या पिठाची उगाली झाकून ठेवलीय. जेव आणि झोप."

"नाही प्याले, आई."

"मी डोळ्यांनी बघितलं."

जेमायोनं जाकीट काढून तिच्या हातात दिलं. ताप्रांदिचनं ते उजेडात धरलं, डाग खरवडला, नाकाशी नेला. तिचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "दुकानातलं दूध," ती म्हणाली. "आणि तुंब्यात कोळसाच नाही. फुकटचे मणी लावून ठेवलेत मेल्यांनी." मग तिची नजर रिकाम्या कोपऱ्यावर गेली आणि चेहरा उतरला.

ती लेलेईच्या अंगणात पोचली तेव्हा तो मिशा पुसत होता. आपल्या घरचा तुंबा देतो म्हणाला बिचारा. ताप्रांदिचनं त्याला जे सुनावलं त्यानंतर तो बरेच दिवस कुंपणाकडं फिरकला नाही.

पुन्हा गाय पिळली, पुन्हा तुंबा धुतला, धुरी दिली, कोळसा फिरवला. दूध आपल्या वेळेनंच लागतं. जेमायो त्याची राखण करत घरी बसली. तिचा कारभार पाहणाऱ्या गोऱ्या माणसाचा फोन आला, की पुढची शर्यत तोंडावर आहे, विमानाचं तिकीट तयार आहे. ती म्हणाली, दूध लागलं नाही. तो म्हणाला, दूध इथंही मिळतं. तिनं फोन ठेवून दिला.

चौथ्या की पाचव्या दिवशी साहेबांचा चिटणीस फोटोवाल्याला घेऊन आला. शहरात साहेबांची फार थट्टा चालली होती. साहेबांच्या वतीनं मी आणि आई तुम्ही मिळून तुंबा धरू, एक फोटो काढू, म्हणजे सगळं गोड होईल, असं तो म्हणाला. मोबदल्यात गावच्या रस्त्याचं काम मार्गी लागेल, हेही त्यानं सुचवलं. ताप्रांदिचनं त्याला स्टुलावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"साहेब कुठल्या शर्यतीत पहिले आले?" तिनं विचारलं.

"अहो आई, ते कशाला पळतील?"

"मग चहा घ्या."

त्यानं घेतला. साखर कमी आहे म्हणाला नाही.

तो गेल्यावर तिनं बूच काढलं, वास घेतला, आणि दार लावून जेमायोला समोर बसवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जेमायोनं एक घोट घेतला. आंबट, धुरकट, जिभेवर कोळशाची बारीक कचकच. दुसरा घेतला, तिसरा घेतला. डोळे मिटले होते, कडेनं पाणी येत होतं.

"परत जायचंय कधी?" आईनं सहज विचारलं.

"ती शर्यत गेली. सोडली मी. याच्यासाठी थांबले ना."

ताप्रांदिचनं तुंबा तिच्या तोंडातून ओढून घेतला. "शर्यत सोडलीस? दुधापायी? पळायचं सोडून घरात बसून दूध पितेस? तुझ्यात आणि त्या लेलेईत फरक काय मग?" बूच ठोकून बसवत ती म्हणाली, "निम्मं राहिलंय. ते फुकट नाही. ऊठ."

जेमायो उठली, बूट चढवले आणि हसू दाबत बाहेर पडली. दुकानावरून जाताना लोकांनी हाका मारून सांगितलं, की तोंडाला राखाडी मिशी आलीय, पूस. तिनं ती पुसली नाही. तशीच बाजारातून, सगळ्यांना नीट दिसेल अशी, पळत चढाच्या वाटेला लागली.