तानूबाईच्या पातेल्यातलं कासव

कळंबात अजून सांगतात की तानूबाईनं दिल्लीच्या साहेबांना कासवाचा रस्सा खाऊ घातला आणि ते बोटं चाटत गेले. साफ खोटं! रस्सा कोंबडीचा होता. कासव तिनं वाढलं, पण जिवंत.

सासरची मेंढरं मोडली तशी तानूबाई लोकांच्या लग्नाकार्यात स्वयंपाकाला जायला लागली. आवाज असा, की नीरा नदीच्या अलीकडून शिवी हासडली तर पलीकडचा माणूस दचकून "मी न्हवं, बाई" म्हणायचा. मी तिच्या हाताखालची पोर; मान झटकून शिवी द्यायच्या तिच्या ढबीची नक्कल करायचे.

सत्त्याण्णव साली नदीतली कासवं गायब व्हायला लागली. ओल्या गोणपाटात बांधून कलकत्त्याला, तिथून सरहद्द ओलांडून बांगलादेशात, खायला. धंदा गावच्या दादासाहेबांचा, नदीतल्या मासेमारीचा ठेकाही त्यांचाच. सोमवारी महादेवाच्या देवळातल्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला लावणार, मंगळवारी जिवंत कासवं ट्रकात घालणार. तानूबाई भर पारावर विचारायची, "दगडाचं त्येवडं देव, आन जित्याचं मटन व्हय रं, दाद्या?"

ही चोरटी ने-आण थांबवायला दोन देशांची बोलणी चालली होती. माल निघतो कुठून, हे बघायला दिल्लीचे दोन साहेब आणि बांगलादेशचे दोन अधिकारी गावात आले. पाहुणचार दादासाहेबांनी हौसेनं अंगावर घेतला. हौस इतकी, की मांडवामागं चुलीपाशी येऊन त्यांनी एक भलंमोठं कासव टाकलं.

"तानूबाई, तिकडची मानसं हाईत. त्यास्नी ह्ये लय आवडतं म्हनं. चांगलं झणझणीत करा. पावन्याला त्येच्या आवडीचं घालावं, न्हाय का?"

मी कांदा चिरत होते. तानूबाईनं कासव मोठ्या पातेल्यात ठेवून झाकण लावलं आणि रश्श्याला कोंबडी घेतली. 

पंगत बसली. दिल्लीचे मोठे साहेब नाकातून बोलत होते, "यह दोनों देशों का साझा प्रश्न है... ज़रा नींबू दीजिए." तानूबाईनं त्यांच्यापुढं पातेलं दणकन आदळलं आणि झाकण काढलं. कासवानं लांब मान काढून साहेबांकडं बघितलं.

"घ्या! ह्येच हुडकत आलाय न्हवं? दाद्यानं तुमच्या ताटासाटी धाडलंय. बाकीची पोती कुटं गेली, त्ये इचारा त्याला!"

बांगलादेशच्या एका अधिकाऱ्यानं ताट सरकवलं आणि उठून हात धुतला. मोठे साहेब लिंबू पिळत म्हणाले, "पंचनामा होगा. सोमवार को."

"तवर माज्या इहिरीत सोडतो की, साहेब," दादासाहेब म्हणाले. आवाज असा, जणू गुळाच्या ढेपेवर बसून बोलतायत.

"इहिरीतनं पोत्यात जायाला कितीसा येळ!" तानूबाई पातेलं उचलून चुलीकडं परतली.

मी म्हटलं, "तानूबाई, आता जेवणानंतरच्या सत्काराची शाल दादासाहेबांना मिळत नाही. लावा पैज."

"मिळनार. हारलीस तर ह्ये कासव डोक्यावर घिऊन नदीपातूर चालायचं."

"आणि जिंकले तर?"

"तू जितत न्हायस, पोरी."

जेवणं झाली, माईक लागला. शाल, नारळ, फोटो, सगळं ठरल्यासारखं झालं. "सहकार्याबद्दल" म्हणून शाल दादासाहेबांच्या खांद्यावर पडली. हात धुतलेला अधिकारी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी डोक्यावर फडक्याची चुंबळ केली. नदीत सोडेपर्यंत कासव डोक्यावरच्या पातेल्यात नखं खरवडत होतं, आणि मागून तानूबाई दोन्ही देशांच्या आया काढत चालली होती. नक्कल करायला इतकी नामी शिवी पुन्हा मिळायची नव्हती, पण मान हलवायची सोय नव्हती.