परिवर्तुळातलं भरीत

मी शाळेत भूमिती शिकवतो आणि आमच्या अंगणातली हिरवळ त्रिकोणी आहे. या दोन गोष्टींची गाठ पडली नसती तर बरं झालं असतं.

जळगावात आमच्या कॉलनीतला रस्ता तिरका, म्हणून प्लॉट तिरका, म्हणून हिरवळही समोशासारखी. तिच्यावर स्प्रिंकलर बसवायची मला घाई झाली, कारण साक्रीहून नाना-नानी भरीत पार्टीला येणार होते. त्यांच्या मुलाला आमची लेक रेवती पसंत होती. नानांचा होकार तेवढा बाकी होता.

दुकानदार म्हणाला, "सर, तीन कोपऱ्यांत तीन छोटी नोझल लावा. पाणी गवतावरच पडेल."

"तीन कशाला? मधोमध एकच द्या, पूर्ण गोल फिरणारं!" त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारं परिवर्तुळ काढता येतं, हे आमची पोरंसुद्धा जाणतात. (काही जण तर ते बरोबर काढतात!)

बायकोनं विचारलं, "अहो, पण गवताबाहेर पडेल त्या पाण्याचं काय?"

"ते प्रमेयात येत नाही!"

चाचणी राहिली, कारण टाकीत पाणीच नव्हतं. ते आलं संध्याकाळी, नानांच्या पाठोपाठ. हिरवळीच्या एका बाजूला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, दुसऱ्या बाजूला पुऱ्यांची परात, तिसऱ्या बाजूला सतरंजीवर पाहुणे. (गवतावर कुणी पाय ठेवायचा नाही, हा माझाच हुकूम!)

नानांनी हिरवळ न्याहाळली. "सर, गवत भू भारी शे. पन ढोरे कोठे शेतस?"

हे मला झोंबलं. "शोभेचं आहे, नाना. थांबा, गंमत दाखवतो!" घरात जाऊन मी मोटरचं बटण दाबलं आणि कौतुक बघायला बाहेर धावलो.

तिन्ही कोपरे भिजले. प्रमेय सिद्ध! त्याच फेरीत जाळ विझला, पुऱ्या पोहायला लागल्या आणि नानींची भारी साडी चिंब झाली.

"अहो, बंद करा ते!" बायको ओरडली.

बटण घरात आहे हे मी साफ विसरलो आणि नोझलवरच झडप घातली. ते फिरायचं थांबलं. आता सगळं पाणी एकाच दिशेला जाऊ लागलं. नानांच्या!

शेवटी रेवतीनं आत पळत जाऊन मोटर बंद केली. पोरीचं लग्न बापानंच बुडवलं!

नानांनी टोपी काढली, शांतपणे पिळली. "मोटर कोनी बंद करी?"

"मी," रेवती कशीबशी म्हणाली.

"ह्या घरमा एकच शानं मानूस शे. ते आम्हले दी टाका!"

नानी पदर पिळता पिळता हसत सुटल्या. मला रडू आलं. (चेहरा आधीच ओला असल्यामुळे कुणाला कळलं नाही.)

"पन सर," नाना म्हणाले, "तुम्ही शाळामा शिकाडतस तरी काय?"

बायकोनं तोंड उघडलं. तिच्या आधी मीच बोललो.

"मराठी."