गावच्या क्लबचे दुसरे अध्यक्ष

आयर्लंडमधल्या स्लायगोत आमच्या घराखाली एका इटालियन कुटुंबाचं फिश अँड चिप्सचं दुकान आहे. दुकान आता मुलगा सांभाळतो. त्याचे म्हातारे वडील खिडकीपाशी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. इथे येण्याआधी, ऐन तरुणपणी ते त्यांच्या डोंगरातल्या गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते. क्लब नवाच होता आणि पहिले अध्यक्ष भांडणांना कंटाळून पळाले होते.

हे मला कळलं, ते मी स्वतः अध्यक्ष झाल्यावर. माझी लेक खेळते त्या फुटबॉल क्लबच्या सभेत कुणी हात वर करेना, म्हणून मी केला. मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये रोज माणसंच सांभाळते, त्यामुळे भीती वाटली नाही. लेक म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, आई." म्हणजे इथल्या बोलीत, जमेल तुला.

पहिल्याच महिन्यात मुलांचा कोच आणि मुलींची कोच यांच्यात मैदानावरून जुंपली. अर्ध्या मैदानात पाणी साचायचं आणि कोरडा भाग कायम मुलांना मिळायचा. चिप्स घ्यायला गेले तेव्हा आजोबांना हे सांगितलं.

"आमच्याकडे वरची आळी आणि खालची आळी एका संघात खेळायला तयार नव्हती," ते म्हणाले. "मी मैदानाच्या फाटकाला कुलूप लावलं."

"मग?"

"दोन्ही आळ्यांनी मिळून मला शिव्या घातल्या. तेवढं एकमत झालं, मग पुढचं सोपं गेलं."

मी खूप हसले. पण कुलूप लावणं माझ्या स्वभावात नाही. शनिवारी दोन्ही कोचना गमबूट घालून बोलावलं आणि चिखलातून चालवत कुंपणापर्यंत नेलं. तिथला पाणी वाहून जायचा चर मातीनं पार बुजला होता.

"कोरडा भाग आता आलटून पालटून मिळेल," मी म्हणाले. "आणि पुढच्या शनिवारी सगळे पालक फावडी घेऊन येतील."

"आधीच्या अध्यक्षांनी असलं काही केलं नव्हतं," मुलांचा कोच कुरकुरला.

"मी करतेय."

फावडी आली. आले नाहीत त्यांना मी घरी फोन करून बोलावलं. दुपारपर्यंत चरातून पाणी वाहू लागलं आणि मुलांचा कोच, गुडघ्यापर्यंत चिखलात, मुलींच्या कोचला पुढच्या मॅचची वेळ विचारत होता.

वर्षअखेरीच्या सभेत अध्यक्षपदाचा विषय निघाला, तेव्हा मी इकडेतिकडे न बघता हात वर केला.