टिलबर्गमधलं हळदीकुंकू

दोघी तुर्की, म्हणजे एकमेकींना सोबत होईल, असा माझा हिशोब. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघींना एकाच सोफ्यावर बसवलं. एक आमच्या खालच्या मजल्यावरची, डोक्याला घट्ट रुमाल बांधणारी. दुसरी माझ्या ऑफिसातली, इझमीरची, केस मोकळे सोडणारी. हिचा नवरा आजारपणात गेलेला.

चहा संपायच्या आत जुंपली, तीही डचमध्ये. इझमीरची म्हणाली, "तुम्ही इथे सुखात राहून तिथल्या धर्मवाल्यांना मतं देता. आणि त्यांच्या राज्यात प्राध्यापकी माझ्या भावाची जाते!"

रुमालवालीने कप खाली आदळला. "आणि तुमच्या सेक्युलर राज्यात युनिव्हर्सिटीच्या फाटकावर मला रुमाल उतरवायला सांगितला. मी परत फिरले, शिक्षण तिथेच संपलं. तेव्हा तुम्हाला स्वातंत्र्य आठवलं नाही?"

दोघींचंही खरं होतं, त्यामुळे मला आणखीच संताप येत होता. तेवढ्यात आमच्या मराठी बायकांतली एक, आइंडहोव्हनला चिपच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावरची, कानाशी लागली. "कसे गं हे लोक! बायकांच्या डोक्यावरून भांडतात."

मी तिळगूळ वाटायला घेतला आणि करंडा तिच्या हाती दिला. तिने रुमालवालीला कुंकू लावू का विचारलं, रुमालवालीने हसून नको म्हटलं. मग ही बाई इझमीरवालीसमोरून न थांबता पुढच्या बाईकडे गेली.

"तिला का नाही विचारलं?" रुमालवालीने लगेच टोकलं.

बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अगं, हिचा नवरा गेलाय ना?"

माझं डोकंच फिरलं. करंडा हिसकावून घेतला. "दुसऱ्याचं कुसळ बरं दिसतं तुला! माझ्या घरात हे चालणार नाही." आणि कुंकवात बोट बुडवून थेट इझमीरवालीच्या कपाळाकडे नेलं.

तिने माझं मनगट धरलं. "काय झालं ते आधी सांग."

डचमध्ये सांगताना माझी जीभ अडखळली. रुमालवालीला अर्ध्यातच कळलं. "म्हणजे इथेही फाटक आहे," ती म्हणाली आणि तिने स्वतःचा कोट उचलला, इझमीरवालीचाही उचलला.

इझमीरवाली मला म्हणाली, "तू तरी मला कुठे विचारलंस?"

दोघी गेल्या. जिन्यात त्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं, आता तुर्कीत. माझ्या बोटावर ते कुंकू तसंच होतं.