साठाव्या पायरीवरचा पंजा

आता हे सांगू की नको? तुम्ही हसणार! पण पोटात तरी किती दिवस ठेवू?

मी निवृत्त विज्ञानशिक्षक. रोज सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायचो. थंडीतल्या एका धुकट सकाळी, साठाव्या पायरीवर, कुणीतरी माझ्या छातीवर पंजा ठेवला. चांगला जड! थांबलो, तर दोन मिनिटांत उचलला. मागे वळून पाहिलं. कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी तीच पायरी, तोच पंजा. तिसऱ्या दिवशीही! दुखणं काय पायऱ्या मोजून येतं का हो?

खाली झेंडू विकणाऱ्या सखूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली माळ खाली ठेवली.

"सर, जागा लय वाईट हाय ती. नारळ ठेवा, अन् मागं बघू नका."

ज्याने तीस वर्षं पोरांना अंधश्रद्धेवर भाषणं झोडली, तो मी रुमालात लपवून नारळ घेऊन गेलो! बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

आठवड्याभरात ते चाळिसाव्या पायरीवर उतरलं. मग विसाव्या. माझ्यासाठी खाली येत होतं! मी फिरणंच बंद केलं.

आणि एका सकाळी घरात खुर्चीवर पेपर वाचत बसलो असताना पंजा पडला. या वेळी उचलेना. दरदरून घाम, डावा हात जड.

"अगं, घरी आलं ते!"

"कोण?"

"पायरीवरचं!"

बायकोने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, रोज तेवढंच चढल्यावर दुखतं, थांबल्यावर जातं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय. तेव्हाच माझ्याकडे यायला हवं होतं. कमी चढूनही दुखायला लागलं, म्हणजे आजार वाढत होता. आणि बसल्या जागी आलं, ते थांबेना, म्हणजे जिवावरच बेतलं. अजून तासभर नारळ फोडत बसला असतात ना..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. मला भुतापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

हृदयाच्या नळीत जाळी बसली. काही महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, हळूहळू पायऱ्या चढलो. साठाव्या पायरीवर बघतो तर नारळांची रास, हळदकुंकू, उदबत्त्या! धुक्यात एक अनोळखी आजी हात जोडून उभ्या होत्या.

"बाबा, हितं थांबू नका. एका मास्तराला धरलं हितं. पार घरापर्यंत मागं गेलं."

"मग?"

"मग काय! गेला बिचारा. आता त्योच धरतो लोकान्ला."

मी चपला काढल्या आणि स्वतःलाच नमस्कार केला.