अळुवडीतली गाभोळी

आमच्या घरात मासळी ते करायचे. मी घाटावरची, शाकाहारी घरातली. लग्न होऊन कडावला आले तेव्हा मला ओल्या मासळीचा आणि भातशेतातल्या चिखलाचा वास सारखाच वाटे. भाजी-आमटी मी आणि मासळी ते, ही वाटणी कुणी ठरवली नाही, आपोआप पडत गेली. रविवारी भिवपुरीच्या वीजघरातली पाळी संपवून येताना ते मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणत. मग ओटा त्यांचा. मी तेवढा वेळ पुढच्या पडवीत पुस्तक घेऊन बसायची, आणि सासूबाई दारात बसून मुलाला सूचना द्यायच्या. त्या सूचना तो कधीच ऐकत नसे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. घरात आम्ही दोघीच उरलो.

मला मासळी खायला त्यांनीच शिकवलं, आणि सुरुवात केली ती गाभोळीपासून. माशाच्या पोटातली अंडी, पातळ पडद्यात बांधलेली, बोटासारखी दोन लांबट. "हिला काटा नाही, डोळा नाही. ही तुझ्याकडे बघत नाही. मग घाबरतेस कशाला?" असं म्हणून त्यांनी तव्यावरचा पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवला होता. तो खरपूस भाजलेल्या जाड रव्यासारखा लागला. बाकीच्या माशांशी माझं नंतर हळूहळू जमलं, पण गाभोळी मला मनापासून आवडायला लागली. हे त्यांना माहीत होतं. सासूबाईंना मात्र नव्हतं. सून नवऱ्याच्या आग्रहाखातर चार घास घेते, अशीच त्यांची समजूत होती, आणि ती दूर करावी असं मला कधी सुचलं नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. दुखवटा असलेल्या घराची चूल आपणहून मासळी शिजवत नाही. तेरावं झाल्यावर जवळच्या नात्यातलं कुणीतरी बाहेरून मासळी आणतं, रांधतं, घरच्यांना वाढतं. त्यानंतर घर पुन्हा मासळीला मोकळं होतं. माझ्या नणंदेनं खोपोलीहून येऊन ते सगळं यथासांग केलं आणि ती परत गेली. घर मोकळं झालं खरं, पण रांधणारा माणूसच राहिला नव्हता. सासूबाईंच्या हाताला कंप आहे, त्या विळीवर बसणं सोडून कित्येक वर्षं झाली. आणि मला फक्त अंडी येत होती.

अंडी मात्र मी चांगली करते, असं म्हणायला हरकत नाही. अंड्याची पोळी, बुर्जी, वाटण लावलेला रस्सा. कोपऱ्यावरच्या अंडेवाल्या चाचांकडून दिवसाआड अंडी आणायची आणि दिवसाआड करायची. सासूबाई निमूट खायच्या. उन्हाळा संपेपर्यंत त्या दीड भाकरीवरून अर्ध्या भाकरीवर आल्या, आणि मी ते वय आणि दुःख यांच्या खात्यावर टाकलं. दुःख मलाही होतं, आणि माझीही भूक कमी झालीच होती.

मग आषाढात एका संध्याकाळी नणंदेचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि दोन्ही बाजूंचं बोलणं अख्ख्या घराला ऐकू जातं. मी आत शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते.

"आई, जेवलीस का गं?"

"जेवली."

"काय जेवलीस?"

"अंडं."

"परवा पन अंडंच ना? अगं, वयनीला सांग ना, मासळी आन म्हनावं."

"तिला कशी सांगू गं? घाटावरची पोर ती. तो व्हता म्हनून खायची. आता तिच्या ओट्यावर मासळी टाकायला लावू? तिला उलटी व्हईल."

"मग तू माझ्याकडं ये. मी आनते न् मी घालते. रविवारी येते मी न्यायला. कायमचीच चल."

सासूबाईंनी मिस्रीची डबी उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाल्या, "बरं, ये."

माझ्या हातातलं लाल पेन वहीवरच थांबलं. त्या गेल्या तर काय, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा मोजून पाहिलं. एकटं राहण्याची मला भीती नाही. पुस्तकं असली की माझे दिवस जातात. पण शाळेत सगळे माझ्या नवऱ्याला 'तुमचे मिस्टर' म्हणतात, गावात 'साहेब' म्हणतात. 'तो' म्हणणारं माणूस या घरात एकच होतं. दुपारी भांडी लावताना 'त्याला तांब्या असा उपडा घातलेला खपायचा नाय' असं सहज म्हणणारं.

तेव्हाच जाऊन 'आई, मला मासळी आवडते' असं सांगता आलं असतं. पण त्या म्हणाल्या असत्या, 'माझ्यासाठी बोलतेस.' मला त्या ओळखून होत्या. बोलून उपयोग नव्हता, करूनच दाखवायला हवं होतं.

शनिवारी अर्धी शाळा करून मी कर्जतच्या बाजारात गेले. समुद्रावरची होडी पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे पाट्यांवर रोहू, कटला असे तळ्या-धरणातले मासे होते, पोटं टम्म भरलेले. मासळीवालीनं माझ्या खांद्यावरच्या पुस्तकांच्या झोळीकडे पाहिलं.

"बाय, भाजीवाले तिकडल्या अंगाला."

"मला गाभोळी हवी आहे."

"गाभोळी? तुला?" तिनं शेजारणीला कोपर मारलं. "बघ गं, मास्तरीनबाय गाभोळी मागते. घे, रोहूची हाय, ताजी. पन हलक्या हातानं, बरं का."

मी शहाण्यासारखी मान हलवली. 'हलक्या हातानं' म्हणजे काय, ते विचारलं नाही.

रविवारी सकाळी सासूबाई पुढच्या पडवीत पिशवी भरून बसल्या होत्या. दोन लुगडी, चष्म्याचं घर, मिस्रीची डबी. नणंद दुपारी येणार होती. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि गाभोळी बाहेर काढली.

आता, मी ज्या घरात वाढले तिथे काहीही शिजवायचं तर आधी खळखळून धुवायचं, अशी शिस्त होती. तांदूळ तीन पाण्यांतून, डाळ चार पाण्यांतून, पालेभाजी तर पाणी नितळ दिसेपर्यंत. गाभोळीवर लाल बारीक शिरा होत्या. मला ती घाण वाटली. मी ती चाळणीत घेतली, नळ पूर्ण सोडला आणि तांदळासारखी चोळून चोळून धुतली. पडदा कधी निघून गेला ते कळलंच नाही. पाणी एकदाचं नितळ झालं तेव्हा चाळणीत गाभोळी नव्हती. भिजवलेल्या खसखशीसारखे सुटे पिवळे दाणे होते, आणि त्यांचा चांगला चौथा हिस्सा मोरीच्या जाळीवर बसलेला होता.

ते गाभोळी करताना मी पडवीत का बसायची, याचा मला त्या क्षणी मनापासून राग आला.

पण रागावून दाणे पुन्हा पडद्यात जात नाहीत. मी वाडग्यातल्या ऐवजाकडे बघत राहिले. सुटं आहे, तर बांधायला हवं. हे काम मला येत होतं. थालीपिठात, वड्यांत, मुटक्यांत जन्म गेला होता. बेसन? नको, बेसनानं गाभोळी मुकी झाली असती. अंडं! सकाळी सवयीनं उकडायला टाकलेली दोन अंडी भांड्यात खडखडत होती, ती काही उपयोगाची नव्हती. तशीच चपला घालून चाचांकडे पळाले. त्यांचं घराणं मूळचं किनाऱ्यावरचं. माझ्या हाताचा वास आल्याबरोबर त्यांनी भुवया वर केल्या.

"मॅडम, आज मासळी?"

"प्रयत्न आहे. चार अंडी द्या."

त्यांनी सहा बांधली. "दोन माझ्याकडनं. फसली तर बुर्जी करा."

दाण्यांत दोन अंडी फोडली. लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, घरचा मसाला, मूठभर कोथिंबीर आणि तांदळाचं पीठ घातलं. आता हे शिजवायचं कशात? तव्यावर ओतलं तर पसरणार. मागच्या दारी आषाढातला अळू माजला होता, एकेक पान सुपाएवढं. अळू माझ्या माहेरचा, ओळखीचा. पानांची खाज जावी म्हणून सारणात कोकमाचं आगळ जास्त घातलं. पानं उलटी पसरून, शिरा लाटून, सारण फासलं, वळकट्या केल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि मोदकपात्रात ठेवून झाकण लावलं.

वाफ सुटली तसा वास घरभर गेला. पडवीतून आवाज आला.

"काय शिजवतेस गं?"

"अळुवड्या," त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडून सांगितलं.

पडवीत काठी वाजली. मग, "अळुवडीला असा वास कंदी येतो?"

मी मोदकपात्राचं झाकण आणखी घट्ट दाबलं. काठी टेकत टेकत त्या दारापर्यंत आल्या, दार लोटलं, आणि स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. मोरीच्या जाळीवर नजर थांबली. तिथले पिवळे दाणे काढायचे राहून गेले होते.

"धुतलीस?"

"धुतली."

"चोळून?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आधी मला वाटलं रडतायत. मग लक्षात आलं, त्या हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, चौकटीला धरून. मुलगा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "अगं मास्तरीन," त्या म्हणाल्या, "त्यानं बघायला पायजे व्हतं हे. गाभोळी अशी तळहातावर घेऊन नुसती पान्याखालून न्यायची गं. तान्ह्या पोराला न्हाऊ घालतात तशी. तू तर तांदूळ धुतलेस!"

मग मीही हसले. दोघींना थांबता येईना.

वळकट्यांचे काप करून तव्यावर तेलात खरपूस केले तेव्हा सासूबाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. पहिला काप मी त्यांच्या ताटलीत ठेवला आणि दुसरा, फुंकर मारून, थेट स्वतःच्या तोंडात टाकला. बाहेरून अळूचा कुरकुरीतपणा, आत अंड्यानं मऊ धरून ठेवलेले ते दाणे, आणि आगळाचा आंबटपणा. मी लगेच आणखी एक घेतला. मग अजून एक. मान वर केली तर सासूबाई खायच्या थांबून माझ्याकडेच बघत होत्या.

"तुला आवडते?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली नाय कंदी?"

"तुम्ही विचारलं नाही कधी."

"घ्या," त्या कुणाला तरी तिसऱ्याला सांगावं तशा म्हणाल्या, आणि भाकरी मागितली. एक संपवून दुसरीतली अर्धी घेतली.

नणंद आली तेव्हा तव्यावर शेवटचा घाणा होता. तिनं चपला काढता काढता विचारलं, "आई, भरलीस ना पिशवी? ते गाडीत थांबलेत. पावसाचं लवकर निघू."

"आधी हे खा," सासूबाई म्हणाल्या.

तिनं उभ्या उभ्या एक काप तोंडात टाकला. "ही अळुवडी हाय का गाभोळी?"

"तुझ्या वयनीला विचार. तिनं धुऊन धुऊन फोडली, मग अंडं घालून सांधली."

"वयनी, तुमी? मासळी?" नणंदेनं अजून दोन उचलले. "चांगली लागते गं बाय. आई, चल, डबा भरून घेऊ जाताना."

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी काय म्हनते, चार दिवसांनी सरावन लागतो."

"मग?"

"सरावनात मासळी नाय. गनपती जाईपर्यंत नाय. म्हंजे तिकडं येऊन मी काय खानार, तुझी भाजी?"

"आई!"

"खोटं बोलते का? तुझ्या भाजीला ना रूप ना चव. भाजी हिची चांगली. सरावन हिच्याकडं काढते."

"आनि गनपतीनंतर?"

"गनपतीनंतर हिला गाभोळी धुवायला शिकवायची हाय. असं अर्धं टाकून कसं येऊ?" मग माझ्याकडे वळून, जणू पाणी मागावं तशा सहज म्हणाल्या, "माझी मिस्रीची डबी पिशवीत ऱ्हायली बघ, काढून दे."

मी पडवीत गेले. पिशवी उघडली, डबी काढली. लुगडीही काढून पुन्हा दांडीवर टाकली. आत दोघी मायलेकी मोठ्यानं भांडत होत्या, भाजीच्या चवीवरून, आणि नणंदेचे यजमान गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. त्यांनाही आत बोलावलं. शिल्लक काप त्यांनी संपवले.

गणपतीनंतरच्या रविवारी मी पुन्हा बाजारातून गाभोळी आणली. या वेळी सासूबाई स्टूल घेऊन ओट्याशेजारी बसल्या. "अशी धर. अशी. पानी बारीक सोड. त्यालाबी दहा वेळा सांगितलं मी, कंदी ऐकलं नाय." गाभोळी अखंड राहिली. हळद-मीठ लावून उकडली, काप केले, मसाला आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर परतली. अगदी ते करायचे तशी झाली होती. निदान मला तशी वाटली.

सासूबाईंनी तुकडा चावून चावून खाल्ला.

"जमली," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखीच जमली." मग ताटली पुढे सरकवली. "पन पुढल्या रविवारी ती फोडलेली कर. अळू संपायच्या आत."