आईचा अबोला

आईनं मला कधी बोट लावलं नाही. शेजारपाजारचे याचं कौतुक करत, तेव्हा माझं डोकं फिरायचं. दोन धपाटे घालून मोकळी झाली असती तर परवडलं असतं. ती अबोला धरायची. स्वयंपाकघरातून भिंतीशी बोलल्यासारखी म्हणायची, "ज्याला भूक लागली असंन त्यानं वाढून घ्यावं." बाबा पेपरात डोकं खुपसून मला सांगायचे, "म्हणून टाक न चुकलं म्हणून. काहून ताणून राहिली?" काय चुकलं ते मला ठाऊक नसायचं. तरी नाक मुठीत धरून मी म्हणायचे.

एम.ए.ला एक मैत्रीण मिळाली, मझौली गावची. राइट टाउनमध्ये खोली घेऊन राहायची. वडिलांशी फोनवर कडाकडा भांडायची आणि लगेच मटाराला काय भाव मिळाला ते विचारायची. मला तिचा हेवा वाटायचा.

तिनं मेसेजला उत्तर दिलं नाही, की माझा जीव टांगणीला लागायचा. मी थेट तिच्या खोलीवर जाऊन माफी मागायचे. "किस बात की माफ़ी? सो रही थी मैं," ती म्हणायची. शेवटी एकदा वैतागली. "झगड़ ले मुझसे, गाली दे ले, पर ये माफ़ी बंद कर. थक गई हूँ."

मग गेल्या महिन्यात ती मला न सांगता दुसऱ्या मुलींबरोबर भेडाघाटला फिरायला गेली. मला खरंच राग आला. पण भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी तिचे फोन उचलले नाहीत. वर्गात ती शेजारी बसली, तर उठून दुसरीकडे बसले. तिचा उतरलेला चेहरा पाहून मला बरं वाटत होतं. लाज वाटावी इतकं बरं.

रविवारी ती कांचघरला आमच्या घरी आली. डोळे सुजलेले. "हुआ क्या है, बता तो सही." मी चहा आणायला आत गेले. बाहेर जाऊन तिच्या गळ्यात पडायचं, एवढंच मनात होतं.

आईनं सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "अच्छा केलं. आत्ताच बोलू नको. येईन ती बरोबर वळणावर." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आई माझ्या बाजूनं बोलल्याची दुसरी वेळ मला आठवत नाही. मी बाहेर गेले, कप ठेवला आणि गप्प बसले. मैत्रीण थोडा वेळ थांबली, मग चपला घालून निघून गेली. आता ती फोन करत नाही.